मध्ये बोलायचं नाही

पिठल्याचा चांगला फोटो निघत नाही. निघतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा काढून पाहावा. कढईत असताना ज्याच्या नुसत्या वासाने भूक खवळते, तेच पिठलं फोनच्या पडद्यावर आलं की रंगाऱ्याने डिस्टेंपरचा डबा उघडून ठेवल्यासारखं दिसतं. वरून फोडणी घाला, तळलेल्या लसणाचे काप पसरा, सुकी लाल मिरची उभी करा, भाकरी ऐटीत टेकवून ठेवा, पिठलं पिवळं ते पिवळंच. मुळात आपल्या रोजच्या स्वयंपाकाला रंगच दोन. वरण, कढी, पिठलं, बटाट्याची भाजी पिवळ्यात. भरली वांगी, आमटी, उसळ, मसालेभात तपकिरीत. कॅमेऱ्याला लाल लागतो, हिरवा लागतो. म्हणून मिसळीचा फोटो कोणीही काढावा, तर्री आपलं काम चोख करते. बाकीच्यांसाठी कोथिंबीर.

या छंदापायी मी कोथिंबिरीच्या किती जुड्या संपवल्या याचा हिशेब फक्त भाजीवालीला माहीत आहे. साबुदाण्याच्या खिचडीवर टाकली तेव्हा अर्ध्या नातेवाइकांनी कळवलं की त्यांच्याकडे उपासाला कोथिंबीर चालत नाही. उरलेले अर्धे, ज्यांच्याकडे चालते, ते या अर्ध्यांशी भांडले. त्या दिवशी खिचडीत मीठ दुप्पट पडलं होतं, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. खिचडी खाल्ली होती फक्त आम्ही घरच्यांनी. जगाने नुसती पाहिली होती.

सुरुवात एका सिनेमाने झाली. ‘ज्युली अँड ज्युलिया’ हा २००९ सालचा सिनेमा मी बऱ्याच उशिरा, एका रविवारी दुपारी टीव्हीवर पाहिला. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, नोकरीला कंटाळलेली ज्युली पॉवेल २००२ साली ठरवते की ज्युलिया चाइल्डच्या फ्रेंच पाककृतींच्या जाडजूड पुस्तकातल्या ५२४ कृती ३६५ दिवसांत करायच्या आणि रोज त्याबद्दल लिहायचं. खरी गोष्ट आहे. तिच्या लिखाणाचं पुढे पुस्तक झालं, त्याचा सिनेमा झाला. सिनेमात तिचं स्वयंपाकघर आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराएवढंच दिसत होतं. नोकरीला कंटाळलेली तर मीही होते. आणखी काय लागतं?

पुस्तक मात्र हवं होतं. माझी पहिली उडी थेट ‘गृहिणीमित्र’वर गेली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं हे पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि त्यात एक हजार पाकक्रिया असल्याचं नावातच जाहीर केलेलं. नवरा अकाउंट्समध्ये आहे. त्याने हजाराला ३६५ ने भागलं, “रोजच्या पावणेतीन” असं म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पावणेतीनमधला पाऊण पदार्थ कोणी खायचा, हे त्याने विचारलं नाही. माझ्या मनात मात्र ते आलं. मग मी हजारावरून एकवर आले. आधी घरात रोज होतं तेच लिहायचं, त्याचे फोटो काढायचे आणि फूड ब्लॉगर व्हायचं. नाव काय ठेवायचं यावर आठवडा गेला. अन्नपूर्णा, सुगरण, खमंग, चविष्ट, फोडणी ही सगळी नावं आधीच कोणाकोणाची होऊन बसली होती. लेकीने ‘गार जेवण’ सुचवलं. तेव्हा मला तो चहाटळपणा वाटला.

नंतर कळलं की पोरीला दूरदृष्टी आहे. कारण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. तिथून प्रकाश येत नाही, तळमजल्यावरच्या सुक्या बोंबलांचा वास येतो. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या फोटोत भात आजारी दिसतो. चांगला उजेड घरात एकाच जागी, हॉलच्या पूर्वेकडच्या गॅलरीत, सकाळी साडेसातच्या सुमारास. म्हणजे फोटो हवा असेल तर पदार्थ साडेसातला तयार पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर भरली वांगी येऊ लागली. सव्वासातला मसालेभात, त्यावर खोबरं-कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, आणि ताटाच्या पुढे शाळेचा गणवेश घालून उभी असलेली लेक फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा पांढरा तुकडा हातात धरून. त्याने उजेड परावर्तित होतो आणि सावल्या मऊ पडतात. नवऱ्याकडे दोरीवरचे कपडे सरकवण्याचं काम होतं. तेवढ्यात तो एकदा चुकला आणि माझ्या गाजलेल्या अळूच्या फदफद्याच्या फोटोत मागच्या बाजूला बनियन आला. लोकांना केळीचं पान सोडून तोच दिसला.

वाफ पकडण्याच्या नादात तर आमची शेजाऱ्यांतली पतच गेली. गरम पदार्थाची वाफ फोटोत यायची असेल तर उजेड मागून पाहिजे आणि पार्श्वभूमी काळी पाहिजे. हे शास्त्र आहे, मी वाचलेलं आहे. काळा पडदा आमच्याकडे नव्हता, काळी छत्री होती. पुरणपोळी तव्यावरून थेट ताटलीत, ताटलीमागे नवरा पाट टाकून बसलेला, हातात छत्री उघडून आडवी धरलेली, आणि मी पालथी पडून फोन रोखलेला. दार उघडंच होतं. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या, आणि “नंतर येते” म्हणून गेल्या. त्या नंतर आल्या नाहीत. वाफही आली नाही. छत्री कशी धरायची हे ठरेपर्यंत पोळी निवली होती आणि वरचं तूप थिजलं होतं.

भांड्यांचंही तसंच. स्टीलच्या ताटात काहीही ठेवलं तरी त्यात माझा चेहरा दिसे, तोही फोन धरलेला. म्हणून माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढली, चिंच लावून घासली, आणि त्यातल्या एका वाडग्यात सोलकढी ओतून व्हिडिओ सुरू केला. पिवळ्याधमक पितळेत ती गुलाबी सोलकढी इतकी देखणी दिसत होती की माझा आवाजसुद्धा गोड झाला. “तर मैत्रिणींनो,” असं मी म्हणते न म्हणते तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, कल्हई उडालीय त्याची. आंबट घातलंस ना? कळकेल ते!”

व्हिडिओत तो आवाज माझ्यापेक्षा स्पष्ट आला. सोलकढी अर्थातच कळकली. आमसूल आणि उघडं पितळ एकत्र आलं की दुसरं काही होत नाही. पण मला राग आला तो कळकल्याचा नाही, बोलल्याचा. कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. “हिंग राहिला”, “झाकण ठेव, वाया चाललाय गॅस”, “कोथिंबीर धुतलीस का?” अशी वाक्यं माझ्या प्रत्येक व्हिडिओत कुठे ना कुठे पेरलेली असत. कोथिंबिरीचं वाक्य तर नेमकं मी पदार्थ चाखून “अप्रतिम!” म्हणते त्या क्षणाला. तेव्हा मी घरात नियम जाहीर केला. रेकॉर्डिंग चालू असताना कोणीही मध्ये बोलायचं नाही. छताला आग लागली तरी नाही. सासूबाईंनी “बरं” म्हटलं. त्यांचं “बरं” ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना त्यातला धोका समजायचा नाही. मलाही समजला नाही, आणि मी तर ते लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

खरं म्हणजे माझ्या सगळ्या लिखाणाचा झरा सासूबाईच. माझं माहेर अकोल्याकडचं, तिकडे रश्शावर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुणे रागावतात. सासर संगमेश्वराकडचं, इथे आमटीत गूळ-आमसूल आणि ओलं खोबरं. मी एकदा आमच्या आमटीची कृती ‘अस्सल महाराष्ट्रीय आमटी’ या नावाने टाकली तर आईचा फोन आला, “आम्ही काय मग महाराष्ट्राबाहेरचे?” तेव्हापासून मी अस्सल हा शब्द गोड्या मसाल्यापुरतासुद्धा वापरत नाही.

तर सासूबाईंच्या हातची आमटी मापात बसवायची असं मी ठरवलं. त्यांच्या लग्नात त्यांना कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहेर म्हणून आलं होतं, तेव्हा ते अगदी नवं होतं. त्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या हिशेबावर कितीतरी मुलींना संसाराला लावलं. आमच्याकडची प्रत मात्र कोरी करकरीत. “त्या बाईंचं सगळं बरोबर आहे,” सासूबाई म्हणतात, “पण त्यांची वाटी केवढी आणि माझी केवढी.” मी डिजिटल वजनकाटा आणला. सासूबाईंनी मीठ आमटीत टाकायच्या आधी काट्यावरच्या वाटीत टाकायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी नऊ ग्रॅम भरलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच डाळीला चौदा. मी विजयी मुद्रेने आमटी चाखली. चव कालचीच. “काल कुकरला पाणी कमी होतं,” त्या म्हणाल्या, “आणि आजचं आमसूल नवं आहे, त्याला आंबटपणा कमी. मग गूळ कमी घातला. गूळ कमी तर मिठाला वाव राहतो.” हे सगळं त्यांनी चिमूट उचलताना ठरवलेलं होतं. मी काटा बंद केला.

मग त्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तिथे वेगळाच घोटाळा झाला. फोन समोर आला की सासूबाई एकदम पुस्तकी बोलू लागत. “प्रथम आपण कढई तापत ठेवणार आहोत. त्यामध्ये दोन चमचे तेल घालणार आहोत.” असं तोंडाने म्हणत त्या हाताने काठोकाठ भरलेली पळी ओतत. गूळ ‘चवीपुरता’ म्हणताना चांगला लिंबाएवढा खडा पडे. हे मला बारकाईने बघूनही दिसलं नाही, कारण मी लिहून घेण्यात गुंतले होते. मुलुंडच्या एका मावसजावेने तो व्हिडिओ पाहून दोन चमचे तेलाची आणि चवीपुरत्या गुळाची आमटी केली आणि चार माणसांत वाढली. तिचा फोन फारसा प्रेमळ नव्हता. मी सासूबाईंना विचारलं तर त्यांना त्यात गैर काहीच वाटलं नाही. “लोकांसमोर काय पळीभर तेल सांगायचं? चांगलं दिसतं का ते? घरातलं घरात.”

अशा परिस्थितीत मला वही सापडली, आणि मी स्वतःला संशोधक समजू लागले.

ती आजेसासूबाईंची वही. माळ्यावरच्या ट्रंकेत, पूजेच्या पोथ्यांखाली होती. अर्ध्या वहीत दुधाचा आणि परटाचा हिशेब, अर्ध्या वहीत पदार्थ. सांदणं, खांडवी, साटोऱ्या, घारगे, अनारसे. अक्षर सुबक, शाई फिकी, आणि मापं अशी की वाचताना घाम यावा. “वेलदोडे एका पैशाचे.” “खोबरे दोन पैशांचे.” “तूप हात ओला होईल इतके.” “खसखस रुपयाभार.” वही दशमान नाण्यांच्या आधीची, हे उघड होतं. नवे पैसे १९५७ च्या एप्रिलमध्ये आले, आणि किलो-ग्रॅम त्याच्या पाठोपाठ येऊन पुढच्या काही वर्षांत रुळले. त्याआधीचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा हिस्सा. त्या पैशाला तेव्हा किती वेलदोडे येत? नवऱ्याने संगणकावर तक्ता मांडला, सोन्याचा भाव घेतला, मग तांदळाचा घेतला, आणि मध्यरात्री जे उत्तर आणलं त्याप्रमाणे तीन वाट्या खिरीत ओंजळभर वेलदोडे पडायला हवे होते. सोन्याचा भाव धरायला नको होता असं त्याचं मत पडलं. पण तोवर त्यालाही चटक लागली होती.

‘रुपयाभार’ मात्र मी सोडवलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया वजनाला एक तोळा असे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणजे खसखस बारा ग्रॅम धरायला हरकत नाही! आणि ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. एकेक कुलूप पटापट उघडत गेलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटं-मापटं ही गरिबीच्या गोष्टींत यायची नावं, ती मला ग्रॅममध्ये मांडता येऊ लागली. मी दोन तक्ते केले, एक तोळ्यापासून शेरापर्यंत, दुसरा निळव्यापासून पायलीपर्यंत. दोन्हींत शेर होता. म्हणून मी त्या शेरापाशी दोन्ही तक्ते एकमेकांना जोडले, रंगीत पेनाने चौकटी आखल्या, आणि फ्रिजवर चिकटवले. सासूबाई चष्मा लावून तो तक्ता बराच वेळ वाचत उभ्या होत्या. मी तेव्हा तक्त्याचाच व्हिडिओ काढत होते. त्या काही बोलल्या नाहीत.

साल २०२३. त्या वर्षी श्रावण अधिक आला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष त्याहून अकरा दिवसांनी मोठं. ही तूट साठत जाते आणि साधारण तेहेतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालून भरून काढावी लागते. ही तूट भरण्याचा भार आमच्याकडे जावयावर असतो. अधिक महिन्यात जावयाला नारायणाच्या जागी मानून तेहेतीसचं वाण द्यायचं, पदार्थ जाळीदार हवा. अनारसे सगळ्यांत मानाचे. ते जमत नसतील तर बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो. आमच्या नणंदेचे यजमान म्हणजे घरातले एकुलते एक जावई. त्यांना तेहेतीस अनारशांचं वाण जाणार, ते आजेसासूबाईंच्या वहीबरहुकूम होणार, आणि त्याचा तांदूळ भिजवण्यापासून निरांजन लावण्यापर्यंतचा व्हिडिओ निघणार, असं मी जाहीर करून टाकलं. बाहेरसुद्धा. “लवकरच येत आहे” असं लिहून.

अनारसा हा उपद्व्यापी पदार्थ आहे. जुना जाडा तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग निथळून सावलीत पसरायचा, अर्धवट ओलसर असताना कुटायचा, चाळायचा, किसलेला गूळ मिसळून गोळे करून डब्यात भरायचे आणि आठवडाभर तरी मुरू द्यायचे. थापताना एका बाजूला खसखस. तुपात सोडताना ती बाजू वर. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आणि हे सगळं मी करायला घेतलं ते जुलैत, डोंबिवलीत, जेव्हा बाहेर चार दिवस सलग पाऊस होता आणि घरात पंख्याखाली जुन्या धोतरावर पसरलेल्या तांदळाच्या बरोबर वर लेकीचे गणवेश टपटपत होते.

वहीत लिहिलं होतं, “तांदूळ एक शेर, गूळ एक शेर.” तक्ता फ्रिजवर होताच. ९३३ आणि ९३३. काट्यावर दोन्ही आकडे बरोबर आले तेव्हा मी फोनमध्ये बघून म्हणाले, “मापं अचूक असली की पदार्थ चुकत नाही.” हे वाक्य अजून माझ्याकडे आहे. लेक ते अधूनमधून लावते.

पीठ आणि गूळ मळताना हाताला फारच चिकटत होतं. दारातल्या स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी हात वर केला. मी मान हलवून त्यांना गप्प राहण्याची खूण केली. त्यांनी पदर तोंडाला लावला. पुढे त्या दोन्ही हातांनी काहीतरी दाखवत होत्या, ते मला आशीर्वादासारखं वाटलं.

तळण्याच्या दिवशी तर मी रिंग लाइट आणला होता. कढईतल्या तुपात त्याचं गोल प्रतिबिंब पडून तुपात चंद्र उगवलेला दिसत होता, तो टाळायला लेक ओट्यावर चढून बसली. “आता आपण पहिला अनारसा अलगद तुपात सोडूया,” मी म्हणाले. सोडला. खसखस वर. क्षणभर तो छान दिसला. मग तो पसरला. कडा मऊ झाल्या, मधली जाळी रुंदावत गेली, जाळीतून तूप वर आलं, जाळीच्या काड्या सुट्या झाल्या, आणि अनारसा हसला. अनारसा तुपात विरघळून विखुरला की हसला म्हणतात, आणि आमचा मनापासून हसला. झाऱ्यावर उरली ती थोडी खसखस. “पहिला देवाचा,” मी कॅमेऱ्याला सांगितलं. दुसराही देवाचा झाला. मग मला वाटलं तूप फार तापलंय, आच कमी केली. ते हसणं फक्त संथ झालं. मग वाटलं तूप पुरेसं तापलेलं नाही. मग वाटलं गोळा जाड थापायला हवा. जाड अनारसा बाहेरून हसला आणि आतून कच्चा राहिला. हळूहळू कढईत तपकिरी चुऱ्याचा थर साचला, घरभर गुळाचा धूर झाला आणि रिंग लाइटचा चंद्र ढगाआड गेला. लेक रेकॉर्डिंग थांबवत नव्हती. मुलांमध्ये हा दुष्टपणा उपजत असतो.

शेवटी मी गॅस बंद केला आणि सासूबाईंकडे वळले.

“आई, तुम्हाला कळलं होतं?”

“गूळ घातलास तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू म्हणालीस ना, मध्ये बोलायचं नाही. रेकॉर्डिंग चालू होतं.”

“अहो, त्याला आठवडा झाला! नंतर सांगायचं.”

“बंद झालं असं मला कोणी सांगितलं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तांदूळ मापाने घ्यायचा, गूळ तागडीने. धान्याचा शेर हा मापाचा, गुळाचा शेर वजनाचा. नाव एक, शेर दोन. त्यातून धान्याचं माप मुलखामुलखात वेगळं, आणि आमच्या गावचा मापी शेर वजनी शेरापेक्षा चांगलाच मोठा. आजेसासूबाईंचा तांदूळ माझ्या तांदळाच्या दीडपट तरी असणार. म्हणजे माझ्या पिठात गूळ भरमसाट झाला, वर पावसाची ओल. हसेल नाहीतर काय? “तक्ता वाचला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं,” त्या म्हणाल्या, “पण तेव्हाही तू फोन धरलेला होतास.”

अजून सावरता आलं असतं, असंही निघालं. मिसळण्याआधी थोडी कोरडी पिठी बाजूला काढून ठेवायची असते, मिश्रण सैल झालं तर तीच कामाला येते. मी काढून ठेवली होती का? नव्हती. फ्रेममध्ये दोन डबे बरे दिसत नव्हते, म्हणून मी सगळी एकातच मिसळली होती.

वाण दुसऱ्या दिवशी दुपारी. संध्याकाळी भर पावसात नवऱ्याला बत्ताशांसाठी पिटाळलं. तो चौथ्या दुकानातून आणलेले बत्तासे घेऊन आला, येताना काही फुटले होते, म्हणून हॉलमध्ये बसून त्याने अख्खे वेगळे, फुटके वेगळे केले आणि अख्खे दोनदा मोजले. सवयीने त्याने कागदावर सहीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी ढग इतके दाटले होते की भर दुपारी घरात दिवे लावावे लागले, आणि ऐन वाणाच्या वेळी वीज गेली. पितळी ताटात तेहेतीस पांढरेशुभ्र बत्तासे, मध्ये निरांजन, बाकी सगळा अंधार. लेकीने सहज म्हणून फोन काढला. तो फोटो माझ्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम आहे. प्रत्येक बत्ताशाची जाळी मोजता येते. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दूरच्या दूरच्या नातेवाइकांनी कौतुक केलं, मुलुंडच्या मावसजावेनेही केलं, आणि कित्येकींनी कृती विचारली. मला ती माहीत नाही हे मी अजून कोणाला कळवलेलं नाही. “खूप धीर लागतो” एवढंच लिहिलं.

अनारशांचा चुरा टाकवत नव्हता. सासूबाईंनी तो तुपातून निथळून वाटीत घेतला आणि वर गरम दूध ओतलं. जेवणानंतर जावयांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसऱ्या वाटीला विचारलं, “वहिनी, हे काय आहे हो? फारच छान झालंय.” मी म्हणाले, “नवीन प्रयोग आहे.” सासूबाईंनी तोंड उघडलं, लेकीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

पुढचा अधिक महिना २०२६ साली ज्येष्ठात आहे, १७ मेपासून. उन्हाळ्याचे दिवस, तांदूळ बघता बघता सुकेल, आणि गॅलरीत सकाळी साडेसहालाच लख्ख उजेड येतो. गावाकडच्या चुलतदिरांना सांगून मी घरातला जुना लोखंडी मापी शेर मागवून ठेवला आहे. कोरड्या पिठीसाठी वेगळा डबा आहे, तोसुद्धा बरा दिसणारा, मातीचा. नियमातही सुधारणा केली आहे. सासूबाईंनी बोललं तर चालेल, फक्त हळू बोलायचं. हे सगळं मी नणंदेला फोनवर उत्साहाने सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ते ठीक आहे गं वहिनी, पण यांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. त्यांना बत्तासे फार आवडले होते, पुन्हा तेच दिले तरी चालतील.”